ताटातलं अंगी लागावं म्हणून

पोरी, माजरीला कोळसा खाणीच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं, गॅस आला, फ्रीजही आला म्हणे. आता विचारतेस की जावईबापूंची शिफ्ट ड्यूटी, वर कोळशाची धूळ, त्यात आपला उन्हाळा. तर तब्येतीसाठी कोणती पावडर आणू? पावडर राहू दे बाप्पा. एका अंगाला वरोरा-भद्रावतीची ज्वारी, तूर आणि जवस, दुसऱ्या अंगाला नागभीड-सिंदेवाहीचा धान, आणि त्यापलीकडे पार गडचिरोलीपर्यंत जंगल. अशा मधल्या जागी तू संसार मांडलास. खायला इथं काही कमी नाही. खाल्लेलं वाया कसं जातं, तेवढंच शिकून घ्यायचं आहे. माझ्या सासूनं मला रागावून शिकवलं ते मी तुला लाडानं सांगते. निम्मं तू ऐकणार नाहीस हे धरूनच लिहिते आहे.

आधी स्वयंपाकघर.

१. पालेभाजी आधी धू, मग चीर — चिरून धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीतून जातात आणि आपल्या वाट्याला चोथा उरतो.

२. जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ दे — चहातलं टॅनिन डाळ-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाही. चहा ताटाशी बसला की लोह उपाशी उठतं.

३. ताटात लिंबाची फोड असू दे — 'क' जीवनसत्त्व सोबतीला असलं की भाजीतलं लोह शरीर चांगलं उचलतं. लिंबू महागलं तर कैरी, आवळा, भेदरं म्हणजे टोमॅटो, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर, काहीही चालेल. फक्त कच्चं हवं.

४. लोखंडी कढई अडगळीत टाकू नकोस — भाजीत थोडं लोह उतरतं, आंबट भाजीत जास्तच. शिजली की मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढ, नाहीतर काळी पडते आणि जावईबापू ताट सरकवतात.

५. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात अंबाडी, कढी, चिंचेचं सार ठेवू नकोस — आंबट पदार्थ तांब्या-पितळेला खातो आणि ते आपल्या पोटात येतं.

६. भाकरीशी वरण आणि भाताशी डाळ, ही जोडी मोडू नकोस — ज्वारी-तांदळात लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत जे कमी पडतं ते धान्य भरून काढतं. नुसत्या चटणी-भातावर पोट भरतं, अंग भरत नाही.

७. मूग, मटकी, चणे रात्री भिजव, जमलं तर मोड आण — दाण्यातलं फायटेट लोह आणि जस्त अडवून ठेवतं, भिजवून मोड आणले की ते कमी होतं. मुगाला मोड, आजाराला तोड!

८. तांदूळ चोळचोळून चार पाण्यांनी धुऊ नकोस आणि भाताचं पाणी ओतून देऊ नकोस — 'ब-१' जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर जातं. पेज करून पी, मीठ आणि जिरं घालून. उन्हाळ्यात तर तेच खरं सरबत.

९. गिरणीवाल्याला "कमी पॉलिश कर रे" म्हणून सांग — कोंड्याबरोबर तांदळाचं निम्मं भलं ढोरांच्या गव्हाणीत जातं.

तांदळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तू शहरात 'एचएमटी' म्हणून जो बारीक तांदूळ कौतुकानं आणायचीस ना, तो आपल्याच चंद्रपूर जिल्ह्याचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जमीन थोडी, शाळा जेमतेम. १९८३ साली धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या, तर त्या निवडून, वेगळ्या पेरून, वर्षानुवर्षं बी राखून त्यांनी हा वाण काढला. नाव घड्याळाच्या कंपनीचं पडलं, तांदूळ देशभर गेला, आणि पैसा मात्र दुसऱ्यांनीच कमावला. २०१८ साली ते गेले. तो भात ताटात सांडताना एवढं ध्यानात असू दे. आणि हो, बारीक तांदूळ म्हणजे पौष्टिक तांदूळ असं काही नसतं. जाड, हातसडीचा, उकडा मिळाला तर तो आधी घे.

१०. भाकरी ज्वारीची रोज कर, पोळी सणावारी — मैद्या-गव्हाच्या मानानं ती सावकाश पचते, पोट लवकर रिकामं होत नाही. पीठ थोडं थोडं दळून आण. जुन्या पिठाची भाकरी थापताना तुटते आणि मग तू मला फोन करतेस.

११. आयोडीनचं मीठ झाकणाच्या बरणीत ठेव आणि भाजीत शेवटाकडे घाल — आयोडीन उष्णतेनं आणि ओलाव्यानं उडतं. दिवसाला माणशी एका लहान चमच्याहून जास्त मीठ नको, आणि त्यात लोणचं, पापड, सांडगे यांचंही मीठ मोजायचं.

१२. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर धर — डबा आणला की हात सैल सुटतो, बाटली आणली की हात मोजून चालतो. तळणाचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नकोस, ते दर वेळी अधिक बिघडतं.

आता जवस. याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण बाहेर डबीवर 'सुपरफूड' लिहून जे विकतात ते आपल्याकडे पोत्यानं पिकायचं.

१३. जवस भाज, कूट, आणि मगच खा — अख्खा दाणा जसा जातो तसाच बाहेर येतो, त्यातलं ओमेगा-३ त्याच्याच पोटात राहतं.

१४. कुटलेली चटणी आठवड्याचीच कर — दाणा फुटला की तेल उघडं पडतं आणि खवटपणा धरतं. लसूण, तिखट, मीठ, बस. खोबरं-शेंगदाणे कोंबून तिला भलतीच करू नकोस.

१५. जवसाचं तेल घाण्यावरून लहान बाटलीत आण आणि अंधाऱ्या फळीवर ठेव — निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असलेलं तेल उजेडानं आणि उष्णतेनं लवकर बिघडतं. पूर्वी त्यात वडेही तळत, ते सोड. झुणक्यावर, ठेच्यावर वरून कच्ची धार सोड. नाकाला रंगासारखा वास आला तर सरळ फेक, जीव तुटला तरी.

१६. तीळ संक्रांतीपुरते ठेवू नकोस, वर्षभर भाजीत-भाकरीवर टाक — न सोललेल्या तिळात कॅल्शियम भरपूर, आणि आपल्याकडे दूध सगळ्यांना पुरतंच असं नाही.

१७. शेवग्याची पानंही खायची असतात, शेंगाच नव्हे — डोळ्यांसाठी 'अ' जीवनसत्त्व देणारा पदार्थ त्यांत आहे आणि तो अंगी लागायला थोडं तेल लागतं. म्हणून नुसती उकडू नकोस, लसणाची फोडणी दे.

पावसाळा लागला की दारात रानभाज्या घेऊन बाया येतील. त्यांच्याशी भाव करताना जरा मन मोठं ठेव. पहाटे उठून त्या जंगलात वाकलेल्या असतात. एक सांगते, जंगल ओळखीच्याला जेवू घालतं, अनोळख्याला दवाखाना दाखवतं.

१८. तरोटा पहिल्या पावसानंतरचा, कोवळ्या पानांचा घे — फुलावर आला की पानं राठ आणि कडू होतात. तो उकळून पाणी टाकावं लागतं; इथं जीवनसत्त्वाचा हिशेब सोडायचा, जिभेचा आणि पोटाचा धरायचा.

१९. रेल्वे रुळाच्या कडेची, कोळशाच्या ट्रकच्या रस्त्यालगतची आणि कपाशी-सोयाबीनच्या बांधावरची भाजी कितीही हिरवी दिसली तरी तोडू नकोस — धूळ धुऊन जाईल, तणनाशक आणि कीटकनाशक जाईलच असं नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषानं शेतकरी-मजुरांचे जीव गेले. ते औषध भाजीवर बसलेलं दिसत नाही.

२०. वास्ते घेतलेस तर चिरून, दोनदा उकळून, दोन्ही पाणी फेकून मग भाजी कर — बांबूच्या कच्च्या कोंबात पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारा घटक असतो. एवढं केलं की बेसन लावून अशी भाजी होते की मटण बाजूला राहावं.

२१. सात्या फक्त ओळखीच्या बाईकडून घे, आणि तीही "आम्ही घरी खातो" म्हणाली तरच — विषारी आणि चांगली अळंबी शेजारी शेजारी उगवतात. लसूण काळा पडतो, चांदीचं नाणं काळं पडतं, किड्यानं खाल्लं म्हणजे चांगलं, या सगळ्या परीक्षा खोट्या.

२२. अंबाडी खा, पण ज्याला मुतखडा आहे त्याला रोज नको — तिच्यात आणि पालक-चुक्यात ऑक्झलेट असतं. तिच्या लाल बोंडांची सालं वाळवून ठेव, उन्हाळ्यात सरबताला येतात.

२३. कुड्याची फुलं, पातूर, घोळ, केना. जे ज्या आठवड्यात येईल ते खा — एकच भाजी रोज चांगली म्हणून खाण्यापेक्षा दहा भाज्या पाळीनं बऱ्या.

२४. लाखोळीची डाळ आवडते तुला, माहीत आहे. महिन्यातून कधीतरी वड्याला खा, रोजचं वरण तिचं नको — तिच्यातलं विष नसांवर जातं. दुष्काळात महिनोन्‌महिने केवळ तिच्यावर जगलेल्या माणसांचे पाय लुळे पडले, ते कायमचे.

याच कारणानं १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. पुढं महाराष्ट्रानं ती उठवली, कमी विषाचे वाणही आले. पण धानाच्या बांधीत पाणी ओसरता ओसरता फेकून दिलं तरी उगवणारं, गरिबाचं हे पीक आपल्याकडे बंदीतही कधी थांबलं नव्हतं. करायचीच असेल तर गरम पाण्यात भिजव, ते पाणी फेक, भरपूर पाण्यात शिजवून तेही ओत; विष पाण्यात उतरतं, सगळं नाही पण बरंचसं. भिजवलेलं पाणी ढोरांनाही देऊ नकोस.

२५. मोहफूल म्हटलं की लोकांना दारूच आठवते. तू भाजून, केसर झाडून, तीळ घालून लाडू कर — वाळलेल्या फुलात साखर ठासून भरलेली असते, मेहनतीच्या माणसाला ताकद देते. साखरेच्या आजाराच्या माणसाला मात्र हा लाडू दाखवूही नकोस.

२६. हौसेनं मोह वेचायला निघालीस तर एकटी नको, पहाटेच्या अंधारात नको — वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, आणि मोहाखाली अस्वल आपल्याआधी हजर असतं. ताडोब्याच्या आजूबाजूच्या गावांत दर उन्हाळ्यात हे होतं. झाडाखालचा पालाही पेटवू नकोस. जाळी अंथर, फुलंही स्वच्छ पडतात आणि वणवाही लागत नाही.

२७. चारं, टेंभरं, बोरं, कवठ, सीताफळ, ज्या मोसमात जे येईल ते पोरांच्या हाती दे — बिस्किटाच्या पुड्यापेक्षा स्वस्त, आणि तोंडाला चव शिकवतं.

२८. जांभळाच्या बियांची पावडर घे, नको कोण म्हणतं, पण तिच्यावर भरवसा ठेवून सासऱ्यांची साखरेची गोळी बंद करू नकोस — बियांनी थोडा हातभार लागला तरी औषधाची जागा त्या घेत नाहीत.

२९. तलावाचे बारीक मासे काट्यासकट खा, तव्यावर कुरकुरीत करून — कॅल्शियम काट्यात असतं, आणि काटा काढणारे ते कचऱ्यात टाकतात. शिंगाडे कच्चे सोलून दातानं फोडू नकोस, उकडून खा. सालीला तलावाचा गाळ असतो.

३०. घरी कोणी शाकाहारी असेल तर त्याच्या ताटात दूध, दही, ताक रोज असू दे — 'ब-१२' झाडपाल्यात मिळत नाही, कितीही हिरवं खाल्लं तरी. हातपायांना मुंग्या येतात म्हणून तेल चोळत बसण्याआधी रक्त तपासावं.

पाण्याचं आणि उन्हाचं वेगळं सांगते, कारण कॉलनीतलं ऊन तू अजून पाहिलं नाहीस. मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो, आणि कॉलनीच्या सिमेंटच्या भिंती रात्रीही गरम असतात.

३१. बोअरवेलचं पाणी प्यायला लागण्याआधी त्याची फ्लोराइडची तपासणी करून घे — चंद्रपूर जिल्ह्यात कितीक गावांच्या पाण्यात ते जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की आधी दातांवर डाग, मग हाडं आखडतात. आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड दाट होतं.

३२. उन्हात निघायच्या आधी पाणी, आल्यावर पन्हं, ताक किंवा आंबील — घामाबरोबर मीठही जातं, नुसत्या पाण्यानं ते भरून येत नाही. थंड पेयाच्या बाटलीत फक्त साखर आणि ढेकर असतो.

३३. जुलाब लागले की एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ — प्रमाण मोडू नकोस. मीठ जास्त झालं तर लहान लेकराला ते धोक्याचं.

३४. जावईबापूंचा डबा शिफ्टप्रमाणे बदल. नाइटला जाताना घरी जेवून जाऊ दे आणि डब्यात हलकं दे: भाकरी, मोडाची उसळ, ताक — रात्री पोट आळशी असतं, कँटीनचा समोसा सकाळपर्यंत छातीवर बसतो. भुकेला शिफ्ट नसते, पचनाला असते.

३५. गूळ खाल्ला की छातीतली कोळशाची धूळ साफ होते, असं खाणीतली सगळी माणसं सांगतील. गूळ द्यायला हरकत नाही, पण त्या भरवशावर मास्क खिशात नको — गूळ जातो पोटात आणि धूळ बसते फुप्फुसात. दोघांचा रस्ताच वेगळा.

३६. कामावरून आले की आधी हात-तोंड, मग ताट — नखांतली काळी ओळ घासाबरोबर जाते.

३७. खर्रा. यावर मी बोलते तेव्हा आपल्या घरचे पुरुष उठून बाहेर जातात, म्हणून तुझ्या हाती लिहून देते: सुरू झाला नसेल तर होऊ देऊ नकोस, झाला असेल तर भांडून नाही, धरून बसून सोडव — तंबाखू तर आहेच, पण नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते. आधी तिखट झोंबू लागतं, मग तोंड उघडेनासं होतं, आणि मग तू वाढलेलं हे सगळं आत जाणार तरी कुठून?

३८. आता तुझं. सगळ्यांबरोबर ताट वाढून बस, उरलंसुरलं खाऊ नकोस — शेवटी बसणारीच्या वाट्याला डाळ-भाजी थोडीच उरते. जिचं ताट शेवटी, तिचं रक्त कमी.

३९. हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणू नकोस, आधी सिकलसेलची तपासणी कर — आपल्या भागात तो आजार आहे. त्यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर तुटतात, लोह कमी असतंच असं नाही. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मूल होण्याआधी दोघांनीही करा. दोघंही वाहक निघाले तर दर बाळंतपणात बाळाला तो आजार होण्याची चारात एक भीती असते.

४०. लेकरू झालं की सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीही नाही, आणि वर्षाच्या आत मध चाटवू द्यायचं नाही, अगदी मी आणला तरी — मधात असू शकणारा जंतू एवढ्याशा आतड्यात वाढून विष तयार करतो. सातव्या महिन्यापासून घट्ट वरण-भात, वर तेल-तुपाचा थेंब. पातळ वरणाचं पाणी पाजून मूल वाढत नाही.

४१. अंगणात, परसात जाताना पायात चप्पल घाल — हुकवर्म मातीतून तळपायातून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो; मग वरच्या चाळीस गोष्टी तू त्याच्यासाठी केल्यासारख्या होतात.

४२. हिवाळ्यात आवळे आले की किसून, थोडं मीठ लावून सावलीत वाळव — आवळ्यातलं 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट, आणि वाळल्यावरही बरंचसं टिकतं. पहिल्या वर्षी मीच पाठवते. काचेच्या बरणीत भरून देईन. बरणी धुऊन परत पाठव, मागच्या दिवाळीतल्या चिवड्याचा डबा अजून तुझ्याकडेच आहे.